वरच्या खुणेपलीकडची तांबोशी

"फळीचंच ऐकायचं असेल ना जावईबापू, तर एक काम करा. उद्यापासून होडीसुद्धा फळीलाच चालवायला सांगा," तांडेल म्हणाला. "मासे कुठं आहेत ते तिलाच विचारा. मी घरी बसतो पाय पसरून."

"मामा, मी फक्त मासा मोजायला सांगितलं."

"मोजा ना. मलाही मोजा. वरच्या खुणेपुढं गेलो असेन तर टाका पाण्यात. तुमचा नियमच आहे तसा."

भर समुद्रात, पाण्याखालच्या मोठ्या खडकावर, तांडेलाची होडी आणि मत्स्यखात्याची होडी एकमेकींना खेटून हेलकावे खात होत्या. मधले टायर किरकिरत होते. जावयाचा एक पाय या होडीत, दुसरा त्या होडीत. लाट आली की दोन्ही होड्या फाकायच्या आणि जावईपण फाकायचा. पण हातातली फळी काही सोडत नव्हता. खाकी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, नाकाचं टोक उन्हानं सोललेलं. फळीवर लाल रंगाच्या दोन खुणा होत्या, एक खालची आणि एक वरची.

मागे इंजिनापाशी तांडेलाची लेक बसली होती. म्हणजे जावयाची बायको. ती म्हणाली, "दोघं आधी भांडून घ्या. मी इंजिन बंद करते. डिझेल उगाच जळतंय."

तिनं खरंच बंद केलं. मग नुसता पाण्याचा आवाज राहिला आणि डॉक्टरांचा श्वास.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दर शनिवारी दवाखान्याला कुलूप लावून, पैसे मोजून, गळ टाकायला तांडेलाच्या होडीवर यायचे. दुखणाऱ्या दाढांनी सोमवारपर्यंत थांबायचं. आता ते होडीच्या मधोमध मांडी घालून बसले होते आणि मांडीवर लालभडक तांबोशी, बाळंतिणीनं पोर धरावं तशी. इतका वेळ लढून वर आणलेली. माशाचे डोळे बाहेर आलेले, पोट फुगून टम्म, आणि तोंडातून एक गुलाबी पिशवी फुग्यासारखी लोंबत होती. खोल खडकातून मासा भरकन वर आला की असाच होतो. आतली हवा फुगते.

"डॉक्टर, द्या इकडे," जावई म्हणाला.

डॉक्टरांनी तांडेलाकडे बघितलं. तांडेलानं आकाशाकडे बघितलं. शेवटी डॉक्टरांनीच मासा फळीवर ठेवला. शेपटी वरच्या खुणेच्या बाहेर गेली. थोडीशीच, पण गेली.

गेल्या हंगामापर्यंत फक्त खालची खूण होती. त्याच्यापेक्षा लहान मासा सोडायचा, हे तांडेलालाही पटायचं. पोराटोरांना कोण मारतं. पण या हंगामात खात्यानं वरची खूण आणली. मोठा मासापण सोडायचा. मोठ्या माद्या सगळ्यांत जास्त अंडी घालतात, त्या राहिल्या तर मासा राहील, असं जावयानं धक्क्यावर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं होतं, "म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही." सगळे हसले होते. तांडेल सोडून.

"सोडा," जावई म्हणाला.

तांडेलानं टोपीत खोचलेली जाळं शिवायची सुई काढली. माशाच्या तोंडातल्या त्या गुलाबी पिशवीत टचकन खुपसली. फुस्स झालं. "हवा काढली," तो म्हणाला. "आमचे वडील असंच करायचे." आणि त्यानं तांबोशी अलगद पाण्यात सोडली.

ती गेली नाही. एकदा शेपूट हलवली आणि उताणी झाली. पांढरं पोट वर करून होडीच्या मागं मागं तरंगायला लागली. एक सीगल आला. मग दहा आले. पहिल्यानं डोळ्यावरच चोच मारली.

डॉक्टरांनी मान फिरवली.

"बघा," तांडेल म्हणाला. त्याचा आवाज चढलाच. "वाचवली तुमची म्हातारी. आम्ही खाल्ली असती तर पाप, आणि यांनी खाल्ली तर नियम."

जावयानं एकवार त्या पक्ष्यांकडे बघितलं. मग दोन्ही पाय खात्याच्या होडीत घेऊन तो म्हणाला, "मामा, हे मला खात्याच्या मोठ्या बाईंना सांगावं लागेल. सोडलेले मासे असे मरत असतील तर त्या या मोठ्या खडकावर कुणालाच येऊ देणार नाहीत. पुढच्या आठवड्यात, रविवारी त्या स्वतः येतायत बघायला. तुमच्याच होडीतून जायचं म्हणतायत."

"माझ्याच का?"

"सगळ्यांत जुने तांडेल तुम्ही."

मोठा खडक बंद म्हणजे काय, हे तांडेलाला कुणी सांगायला नको होतं. किनाऱ्यालगत बोटाएवढे मासे. त्यांच्यासाठी कुठला डॉक्टर दवाखाना बंद करून येतो? गळवाले नाहीत तर होडी नाही. होडी नाही तर तांडेल कसला? नुसता गुडघेदुखीचा म्हातारा.

लेकीनं इंजिन सुरू केलं.

होडी धक्क्याला लागायच्या आधीच बातमी लागली होती. चहावाला कपबशी पुसत म्हणाला, "काय तांडेल, जावयानं पकडलं म्हणे?"

"पकडलं नाही. मोजलं."

"तेच ते. पोलिसही आधी नाव-गावच विचारतात."

तांडेलानं चहा न घेताच घर गाठलं. कधी नव्हे ते.

आता हा जावई नुसताच जावई असता तर निभावून गेलं असतं. जावई म्हणजे कसं, यावा, दोन घास खावे, पाया पडून जावा. पण हा खात्याचा निरीक्षक. आणि त्याची बदली झाली ती नेमकी याच बंदरावर. खात्याची खोली म्हणजे नुसत्या भिंती, म्हणून मुक्काम सासऱ्याकडे. दिवसभर सासऱ्याला नियम सांगायचे आणि संध्याकाळी त्याच्याच ताटाशेजारी ताट मांडायचं. घर धक्क्याच्या वरच्या चढावर. पुढं एक खोली, मागं एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायला गच्चीचा तुकडा. दोन माणसं रुसली तर तिसऱ्यानं कुठं बसावं हा प्रश्न पडावा, एवढीच जागा.

त्या संध्याकाळी दोघंही रुसले होते.

"तुझ्या जावयाला विचार, भात हवाय का," तांडेल बायकोला म्हणाला. जावई हाताच्या अंतरावर होता.

"मामी, मामांना सांगा, नको."

"त्यांना सांग, अन्नावर राग काढू नये म्हणावं."

"मामी, मामांना सांगा, राग नाहीये. पोट भरलंय."

तांडेलीण पातेलं खाली ठेवून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे? दोघांना तोंडं दिलीयत देवानं. आणि दिलीयत ती दिवसभर वापरताय की."

लेक हसायला लागली आणि तिला ठसका लागला. जावयानं पाणी पुढं केलं. ती नवऱ्याला एरवी "अरे" म्हणायची, पण आईबापांसमोर "अहो". रागावली की मात्र गडबड व्हायची. आता म्हणाली, "अहो, तू गप्प बस जरा. आणि बाबा, तुम्हीपण. रविवारी काय करायचं ते बोला."

"करायचं काय?" तांडेल म्हणाला. "हवा काढून सोडतो मी. जगायचं का मरायचं ते माशाच्या हातात."

जावई पहिल्यांदा थेट सासऱ्याशी बोलला. "मामा, राग मानू नका. तुम्ही जी टोचता ना, ती हवेची पिशवी नाही. ते पोट आहे. जठर."

झालं. तांडेलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमच्या जन्माआधीपासून माशाच्या तोंडात हात घालतोय मी, जावईबापू. आणि तुम्ही मला पोट शिकवताय?"

तांडेलीण उठली. ओट्याखालच्या टोपलीत सकाळचीच एक तांबोशी होती, दोन खुणांच्या मधली, नियमातली. पोटाशी फुगलेली आणि पिशवी तोंडातून लोंबलेली. तिनं ती पाटावर ठेवली, विळीपाशी बसली आणि पोट एका फटक्यात उघडलं. हातांच्या बोटांना भेगा, पण आत गेलेली बोटं कशी, आपल्याच घरातल्या फडताळात शोधावं तशी.

"या इकडे," ती म्हणाली. "दोघंपण."

दोघं उकिडवे बसले. तांडेलाचा गुडघा कटकन वाजला.

"ही बघा हवा." पाठीच्या काट्याखाली रुपेरी पिशवी होती, फाटून लिबलिबीत झालेली. "ती इथं फुगते आणि बाकी सगळ्याला ढकलते. आणि तोंडातून आलंय ते हे." तिनं गुलाबी पिशवी आतून ओढून घेतली, सुलट केली आणि दाबली. अर्धा गिळलेला एक खेकडा पाटावर पडला, नांगीसकट.

खेकडाच तेवढा बोलल्यासारखा पडला होता.

"म्हणजे इतकी वर्षं..." तांडेल म्हणाला.

"इतकी वर्षं तुम्ही पोटाला भोकं पाडताय आणि म्हणताय, जगेल."

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तिकडं समुद्रात तुम्ही काय टोचता ते. माझ्याकडे येतात ते मेलेलेच येतात."

तांडेलानं टोपीतली सुई काढली, बघितली, आणि खिडकीत ठेवून दिली. जावई मान खाली घालून बसला होता. हसला असता तर तांडेलानं त्याला घराबाहेर काढलं असतं. पण तो हसला नाही. आणि तांडेलाला त्याचाच जास्त राग आला.

"मग हवेचं करायचं काय?" थोड्या वेळानं त्यानं भिंतीला विचारलं.

"काढायचीच नाही," जावई म्हणाला. "मासा परत खोल गेला की पाण्याच्या दाबानं हवा आपोआप आकसते. फक्त त्याला खाली पोचवायचं. तो स्वतः जाऊ शकत नाही, बुचासारखा वर येतो."

"बूच," तांडेल म्हणाला. "बूच कसं बुडवायचं?"

"बाहेरच्या देशांत माणसं यासाठी यंत्रं वापरतात. इथं मागवली तर रविवारपर्यंत येणार नाहीत."

तांडेल उठला, गच्चीवर गेला. वारा दक्षिणेचा होता. दोरीवर कपडे फडफडत होते आणि खाली तांडेलिणीची कपड्यांची टोपली होती, जाळीजाळीची, निळ्या प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना कान असलेली. तांडेलानं ती उचलली. कपडे खाली ओतले. टोपली उपडी केली आणि तिच्याकडे बघत राहिला.

आतून आवाज आला, "अहो, धुतलेले आहेत ते."

"मासा वर तरंगतो ना?" तांडेल आत येत म्हणाला. टोपली डोक्यावर उपडी धरलेली, चेहरा जाळीतून दिसतोय. "मग त्याच्यावर असं झाकण घालायचं. काठाला शिसं बांधायचं. वरून दोर. मासा आत वर दाबून बसतो, टोपली त्याला घेऊन खाली. खाली गेला, हवा आकसली, की खालचं तोंड उघडंच आहे. जा म्हणावं बाई घरी."

जावई उभाच राहिला. "मामा."

"काय?"

"काही नाही. दोर किती आहे आपल्याकडे?"

लेक म्हणाली, "आपल्याकडे?" आणि आईकडे बघून डोळे मोठे केले.

त्या आठवड्यात जावयाच्या सुट्टीच्या दिवशी उजाडताच दोघं निघाले. जावयाला खाकीत येऊ द्यायचं नाही असं तांडेलानं बजावलं होतं. म्हणून जावयानं सासऱ्याची जुनी चड्डी घातली होती. ती त्याच्या कमरेत मावत होती पण राहत नव्हती. एक हात टोपलीला, एक हात चड्डीला.

"निरीक्षक शोभताय," तांडेल म्हणाला.

"नाडी कुठाय हिची?"

"ती टोपलीला बांधलीय."

समुद्र थंड होता. रात्रीचा वारा पडलेला, पण लांबून लाटांचा फुगवटा येत होता, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. पाणी गढूळ नव्हतं. खडकावर आल्यावर लेकीनं होडी प्रवाहाच्या तोंडाशी धरली. तांडेलानं स्वतः गळ टाकला. बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्यांना पकडून देता देता त्याची स्वतःची बोटं दोरीला विसरली होती, पण बोटंच ती, शिसं तळाला टेकलं तसं त्यांना सगळं आठवलं. थोड्याच वेळात एक मध्यमशी तांबोशी वर आली, फुगलेली, डोळे बटाट्यासारखे.

"आता," तांडेल म्हणाला.

मासा पाण्यात. टोपली उपडी त्याच्यावर. दोर सोडला. टोपली चार हात गेली आणि एका बाजूला कलंडली. शिसं तांडेलानं स्वतः बांधलं होतं, एका अंगाला भारी झालेलं. मासा सटकन निसटला आणि होडीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उताणा झाला. सीगल कुठून बघत असतात कुणास ठाऊक, लगेच हजर.

"हाका त्यांना," तांडेल ओरडला.

जावयानं दोन्ही हात वर केले. चड्डी खाली गेली.

लेक इंजिनावर डोकं टेकून हसत होती. होडी वाहवत चालली होती. तांडेल काठावर ओणवा होऊन जाळीनं मासा ओढतोय, जावई एका हातानं चड्डी धरून दुसऱ्या हातानं वल्हं फिरवतोय आणि पक्षी त्याला न घाबरता वल्ह्यावर बसायला बघतायत. खात्याच्या इतिहासात असं गस्तीचं काम कुणी केलं नसेल.

"शिसं सारखं करायला हवं," जावई धापा टाकत म्हणाला. "चारी कोपऱ्यांना."

"ते मलाही दिसतंय. तुम्ही आधी आपलं सारखं करा."

दोघं मांडीला मांडी लावून बसले. एकानं गाठ मारायची, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. जावयाच्या गाठी सैल. तांडेल त्या सोडून परत मारायचा, बोलायचा नाही. तिसऱ्या कोपऱ्याला मात्र म्हणाला, "असं नाही. दोर आपल्याकडे येऊ द्यायचा. हं. आता तिच्याखालून." चौथ्या कोपऱ्याची गाठ जावयानं मारली. तांडेलानं ओढून बघितली. सोडली नाही.

दुसऱ्या खेपेला टोपली सरळ गेली, लिफ्टसारखी. दोर सरसर जात राहिला. मग तांडेलानं थांबवला. तिघं पाण्याकडे बघत राहिले. होडीच्या या बाजूला, त्या बाजूला, मागे. सीगल पाण्यावर बसून वाट बघत होते. वाट बघून बघून एक उठून गेला. मग दुसरा.

तांडेलानं टोपली ओढून घेतली. रिकामी.

त्यानं जावयाच्या पाठीवर थाप मारली, एवढी जोरात की जावई आमिषाच्या डब्यात बसला.

रविवारी समुद्राचा मूड वेगळा होता. ढग खाली आलेले, वारा अंगावर, पाण्याला ओढ. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आज राहू द्या. पण मोठ्या बाई आल्या होत्या. साठीला टेकलेल्या, पायात रबरी बूट, केस बांधलेले, होडीत चढताना कुणाचा हात घेतला नाही. आल्या आल्या त्यांनी टोपली बघितली आणि विचारलं, "ही कुणाची कल्पना?"

"मामांची," जावई म्हणाला.

"जावयांची," तांडेल म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. बाई म्हणाल्या, "आधी काम करते का बघू. मग ठरवा कुणाची."

डॉक्टर होतेच. सकाळपासून चार-पाच मासे आले. दोन खालच्या खुणेखाली, एक मधला, बाकी थोडे वर. टोपली खाली गेली, वर आली, खाली गेली. बाई प्रत्येक वेळी होडीच्या मागच्या पाण्याकडे बराच वेळ बघायच्या. एक मासा थोडा वेळ थांबवल्यामुळं जरा मलूल वाटला, पण तोही परत वर आला नाही. तांडेलाच्या खांद्यांवरचं ओझं हळूहळू उतरत होतं. तो बाईंना चहा द्यायला वाकला, आणि तेवढ्यात डॉक्टरांची गळाची काठी वाकली.

वाकली म्हणजे टोक पाण्यातच गेलं.

"तळ लागला," डॉक्टर म्हणाले. "खडकात अडकला."

तांडेलानं दोरीवर दोन बोटं ठेवली. "खडक डोकं हलवत नाही, डॉक्टर. सावकाश. पाय रोवा."

डॉक्टरांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. तांडेल मागून त्यांच्या कमरेला धरून उभा. दोरी सुटायची, परत यायची, सुटायची. लेक होडी वाऱ्याच्या तोंडी धरून ठेवत होती, दातांत ओठ. आणि मग खालून आधी एक लालसर उजेड आला. मग मासा आला.

अशी तांबोशी तांडेलानं पाहिली होती ती वडिलांच्या बोलण्यात. डोकं कोळशाच्या घमेल्याएवढं, खवले रुपयाएवढे, एका कल्ल्याशी जुन्या गळाचा गंजलेला तुकडा. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तांडेल," ते म्हणाले. "तांडेल, बघा ना."

तांडेल बघतच होता. धक्क्यावर ही खांद्यावर टाकून चढ चढायचा. चहावाल्याच्या समोरून. हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, चढासकट.

मग त्यानं जावयाकडे हात पुढं केला. "फळी द्या."

जावयानं फळी दिली. तांडेलानं स्वतः मासा ओल्या गोणपाटावर घेतला, स्वतः फळी लावली. वरची खूण पोटापाशीच संपली.

"सोडायची," तांडेल म्हणाला. कुणी सांगायच्या आधी.

आणि मग टोपली लावली तर मासा टोपलीत मावेना.

डोकं आत, शेपूट बाहेर. वाकवावं तर मासा तडफडायचा. टोपली उलटायची. सीगल जमायला लागले. पोट टम्म, डोळे बाहेर, वेळ जात होता आणि बाई बघत होत्या. जावयाचा चेहरा पांढरा पडला. "मामा, एवढ्या मोठ्याचा विचार आपण केलाच नाही."

"माशाचं तोंड पाण्यात धरा. वर करू नका. हलवत राहा, कल्ल्यांतून पाणी जाऊ द्या."

जावई काठावर पालथा पडला, छातीपर्यंत बाहेर लोंबकळला, दोन्ही हातांनी ते घमेल्याएवढं डोकं धरून. लाट त्याच्या नाकातोंडात जात होती. त्यानं सोडलं नाही. लेकीनं त्याच्या पायांवर एक पाय दाबून ठेवला आणि हात सुकाणूवर. "अहो, गेलास तर बघ," ती म्हणाली.

तांडेलानं डब्यातला सगळ्यात मोठा गळ घेतला. पकडीनं त्याचा काटा चेपून सपाट केला, म्हणजे अडकून बसणार नाही. मग उलटं बांधलं सगळं. गळाच्या वाकड्या पाठीला दोर, दांडीला शिसं. डॉक्टर म्हणाले, "हे उलटं झालं, तांडेल."

"उलटंच करायचंय, डॉक्टर. रोज वर ओढतो. आज खाली ओढायचंय."

त्यानं माशाचा खालचा ओठ धरला आणि डॉक्टरांच्या गळानं पडलेल्या भोकातच हा गळ घातला. नवं भोक पाडलं नाही. "सोडा जावईबापू."

जावयानं हात सोडले. शिसं गेलं, त्याच्यामागं डोकं गेलं, मग ते लांबच लांब लाल अंग, शेवटी शेपूट. पाणी मिटलं. दोर तांडेलाच्या तळव्यातून सरकत राहिला. ओला, गरम. तो डोळे मिटून उभा होता. एकदा दोर थांबला. तांडेलाचा चेहरा ताणला. मग त्यानं मनगटाला एक हिसका दिला, बारीकसा, आणि दोर ढिला पडला.

गळ वर आला. रिकामा.

आता बघायचं होतं. सगळे बघत होते. डॉक्टर एका बाजूला, लेक मागे, जावई नाक शिंकरत काठावर, बाई उभ्या. सीगल पाण्यावर गोल करून बसले होते, पंगतीला बसल्यासारखे. वाढायला कुणी आलं नाही. बराच वेळ नाही. मग वारा आला आणि ते उठून दुसऱ्या होडीच्या मागं गेले.

सगळ्यांत आधी डॉक्टर ओरडले. मासा हातचा गेलेला माणूस इतका आनंदानं ओरडलेला तांडेलानं कधी पाहिला नव्हता. लेकीनं भोंगा वाजवला. जावयाला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सासऱ्याला मिठी मारली, ओल्या शर्टासकट. तांडेल म्हणाला, "पुरे, पुरे. लोक बघतायत," आणि त्यानंपण मारली.

बाई खाली बसल्या. थंड झालेला चहा प्यायल्या. "खडक उघडा राहील," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक होडीवर अशी टोपली हवी. आणि तो उलटा गळ. एखादीवर नसेल तर ती होडी धक्क्यालाच. शिकवणार कोण?"

जावयानं सासऱ्याकडे बोट दाखवलं. सासऱ्यानं जावयाकडे. बाईंनी हात झटकले. "तुमचं घरात मिटवा."

सोमवारी सकाळी तांडेल ओट्यापाशी उभा राहून चहा पीत होता आणि बायकोला सांगत होता. चौथ्यांदा. हात इतके पसरलेले की एक हात दाराबाहेर.

"एवढी नव्हती," जावई म्हणाला. तो केस विंचरत होता. खाकी शर्ट इस्त्रीचा.

"तुम्ही पाण्यात तोंड घालून होता. तुम्हाला काय दिसलं?"

"तोंडच दिसलं. पण उरलेल्याचा अंदाज येतो, मामा. मोजायचंच काम करतो मी."

"तुमची फळी तर अर्ध्यातच संपली."

"माझी कपड्यांची टोपली कधी मिळणार?" तांडेलीण म्हणाली. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

खाली धक्क्यावर कालवा वाढत होता. सगळ्या होड्यांचे तांडेल जमले होते. कुणाकडे भाजीची टोपली, कुणाकडे बाटल्यांचा खोका, एकानं तर पोराचा प्लास्टिकचा टब आणला होता. चहावाला मधे उभा राहून सगळ्यांना शिकवत होता. त्यानं आयुष्यात गळ टाकला नव्हता.

जावयानं कंगवा ठेवला. "मामा, एक विचारू? खरं सांगा. वाईट वाटलं ना सोडताना?"

तांडेलानं कप खाली ठेवला. तळहात उघडून बघितला. दोराचा लाल वळ अजून होता.

"वाटलं की," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण खाली गेल्यावर तिनं एकदा डोकं हलवलं. दोरात आलं ते. आणि मग ती निघाली, आपली आपण, खालच्या खाली. जावईबापू, इतके मासे वर ओढले मी. प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला रडारड. काल पहिल्यांदा कुणीतरी तिकडून..."

"तांडेल," खालून चहावाल्याची हाक आली. "टब बुडत नाहीये. या लवकर."

"काय, मामा? तिकडून काय?"

तांडेलानं टोपी डोक्यावर ठेवली. पायरीवर गुडघा वाजला, पण तो थांबला नाही. "उरलेलं गेलं चुलीत," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."